टिकली लावलेली बॅटरी

श्रीरंगरावांनी व्हेपचं, त्या विजेवरच्या सिगारेटचं, झाकण नखानं उघडलं आणि आतल्या दोन्ही बॅटऱ्या तळहातावर पाडल्या. अंगठ्याएवढ्या जाड, जांभळ्या प्लास्टिकच्या. त्यांतल्या एकीवर, वरच्या कडेला लागून, मरून रंगाची टिकली होती.

नरेंद्र गॅरेजच्या अर्ध्या उघड्या शटरपाशी उभा होता. बाहेर बेलव्ह्यूचा नोव्हेंबरचा पाऊस सकाळपासून चालू होता. तो दोन पावलं आत आला.

"ही टिकली कुणाची?"

विचारायची गरज नव्हती. मसुरीच्या दाण्याएवढी, ना चकाकणारी, ना खडा लावलेली. इथल्या इंडियन स्टोअरमध्ये त्या मापाची मिळत नाही म्हणून त्याची बायको शैलजा दर खेपेला पुण्याहून पाकिटं आणायची.

"विहीणबाईंची," श्रीरंगराव म्हणाले. "माझ्या हातून पडली होती, इथंच. प्लास्टिक फाटलं. मी म्हटलं, गेली कामातून. तर त्यांनी कपाळावरची काढली अन् दिली चिकटवून. म्हणाल्या, घ्या, झाली सौभाग्यवती."

ते हसले. नरेंद्र हसला नाही.

श्रीरंगराव त्याचे व्याही, त्याच्या मुलीचे, आसावरीचे सासरे. तीन वर्षांपूर्वी ते आणि त्यांची बायको सरलाताई नागपूर सोडून मुलाकडे राहायला आले. तेव्हापासून शैलजा रोज सकाळी रेडमंडहून इथं यायची, नातीला, आन्याला सांभाळायला. नरेंद्र ऑफिसात असायचा. संध्याकाळी तो तिला घ्यायला येई तेव्हा ती गाडीत बसून दारं लावून घ्यायची आणि डोळे मिटायची. दमलेय, म्हणायची. गेल्या फेब्रुवारीत एका सकाळी तिच्या डोक्यात रक्तस्राव झाला आणि दुसऱ्या दिवशी ती गेली.

जावई, ऋषी, घरात व्हेप ओढू देत नव्हता म्हणून श्रीरंगराव गॅरेजमध्ये बसायचे, हे नरेंद्रला ठाऊक होतं. शैलजाही तिथं बसायची, हे ठाऊक नव्हतं.

"ती इथं यायची?"

"दुपारी. आन्या झोपली की. तास-दीड तास."

"रोज?"

"आता रोज म्हणजे..." श्रीरंगरावांनी व्हेपमधला धूळकण फुंकला. "रोजच."

कपाळावरची काढली. नरेंद्रच्या मनात तेवढेच शब्द राहिले. तीस वर्षांत तिनं त्याच्या कुठल्या वस्तूला टिकली लावली होती का, ते तो आठवू लागला. चष्म्याची दांडी मोडली तेव्हा तिनं टेप लावली होती. टिकली नव्हती लावली. रात्री ती कपाळावरची टिकली बाथरूमच्या आरशावर लावायची. ती गेली त्या आठवड्यात भेटायला माणसं येणार म्हणून आसावरीनं सगळं घर आवरलं, आरसाही पुसला. चांगल्या मनानंच केलं पोरीनं. कपाटात कोरी पाकिटं अजून होती, पण ती पाकिटं दुकानातही असतात.

श्रीरंगरावांनी बॅटऱ्या पॅन्टला पुसल्या. तेव्हा नरेंद्रला दिसलं की टिकलीची एक कड सुटली होती, आणि तिच्याखालची चीर टिकलीहून लांब होती. चिरेत धातू चमकत होता.

कॉलेज सुटल्यावर दोन वर्षं त्यानं पुण्यात इन्व्हर्टरच्या कारखान्यात काढली होती. बॅटरीचं हे सगळं अंग म्हणजे वजा टोक असतं. वर मधोमध जे बटण असतं ते अधिक. दोन्हींच्या मध्ये त्या कडेला फक्त हे पातळ प्लास्टिक. तिथं धातूला धातू लागला की सगळी वीज एका क्षणात बाहेर येते. मग लागलेली आग विझवता येत नाही.

हे त्याला सांगायचं होतं. तो काही बोलला नाही.

श्रीरंगरावांनी बॅटऱ्या परत आत सरकवल्या, झाकण लावलं, बटण दाबलं. दिवा लागला नाही. त्यांनी पुन्हा झाकण उघडून बॅटऱ्या काढल्या. नरेंद्र बघत राहिला. ओढा, त्याला वाटलं. तिची टिकली तोंडापाशी धरून रोज ओढता ना, ओढा.

फोन वाजला. फ्रिस्कोहून सरलाताई होत्या. महिनाभर त्या लेकीकडे गेल्या होत्या.

"हो, जेवलो," श्रीरंगराव म्हणाले. "भात होता. अगं वरणही होतं, नुसता भात कोण खातं? आसावरीनं केलं. नाही, तुझ्यासारखं नाही, बरं होतं." पलीकडून काहीतरी जोरात आलं. श्रीरंगराव फोन कानापासून लांब धरून हसले. "बघा, तिथून ओरडते. टेक्सासहून!"

त्यांची बायको टेक्सासहून ओरडत होती. नरेंद्रनं मान फिरवली आणि पावसाकडे बघितलं. या माणसाकडे एक होतीच, आणि दुपारी दुसरीही येऊन बसत होती.

बोलता बोलता श्रीरंगरावांनी टिकलीची बॅटरी पॅन्टच्या खिशात टाकली. खिशात किल्ल्या वाजल्या.

"काढा ती," नरेंद्र म्हणाला.

"अं?"

"श्रीरंगराव, आधी खिशातून ती बॅटरी काढा. फोन ठेवा."

त्याचा आवाज चढला होता. श्रीरंगरावांनी "करतो नंतर" म्हणून फोन बंद केला आणि बॅटरी काढली. नरेंद्रनं त्यांना चीर दाखवली. किल्ली लागली तर काय होईल ते सांगितलं. मांडी जळेल, म्हणाला. खिशात आग लागली की पॅन्ट काढायलाही वेळ मिळत नाही.

"अहो, इतके महिने वापरतोय."

"म्हणून तर. टिकलीचा गोंद सुकलाय. कागदाएवढी टिकली ती, तिनं काय अडणार?"

"चिकटपट्टी लावतो वरून."

"चालणार नाही. टाकायची. द्या मला."

श्रीरंगरावांनी हात पुढे केला नाही. बॅटरी मुठीत धरली.

"नवी आणतो," ते म्हणाले. "ही नाही वापरत. पण असू द्या माझ्याजवळ. ड्रॉवरमध्ये ठेवतो."

"लाकडाच्या ड्रॉवरमध्ये? वर आन्या झोपते."

श्रीरंगरावांनी नरेंद्रच्या तोंडाकडे नीट बघितलं, आल्यापासून पहिल्यांदाच.

"नरेंद्रराव, एक विचारू? धोका आहे म्हणून मागताय, की त्यांची आहे म्हणून?"

शटरच्या कडेवरून पाणी ठिबकत होतं. नरेंद्रनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"दोन्ही," तो म्हणाला.

श्रीरंगरावांनी मान हलवली. त्यांनी बॅटरी दिली मात्र नाही. "चला," म्हणाले, "आधी नवी तर घेऊ. तुम्ही ड्राइव्ह करा."

नरेंद्रनं स्वयंपाकघरातून एक छोटा प्लास्टिकचा डबा आणला. बॅटऱ्या एकमेकींना लागू नयेत म्हणून मध्ये कागदी रुमालाची घडी घातली. डबा वाटभर श्रीरंगरावांच्या मांडीवर होता. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला होता.

दुकान पिझ्झाच्या दुकानाशेजारी होतं. काउंटरवर निळ्या केसांची मुलगी होती. तिनं श्रीरंगरावांकडे आयडी मागितलं.

"काय म्हणते?"

"एकवीस पूर्ण झालीत का विचारते."

"सांगा, औंदा होतील."

मुलीनं दोन प्रकारच्या बॅटऱ्या समोर ठेवल्या. एकीवर मोठ्या अक्षरात चाळीस अँपिअर लिहिलं होतं, दुसरीवर काहीच ठळक नव्हतं. ठळकवाली स्वस्त होती. श्रीरंगरावांनी तिच्यावर बोट ठेवलं.

"ही घ्या. आकडा मोठा, पैसे कमी."

"आकडा खोटा आहे," नरेंद्र म्हणाला. "या मापाच्या बॅटरीला एवढं झेपतच नाही. कुणाचा तरी जुना माल नवं प्लास्टिक चढवून विकतात." त्यानं दुसरी उचलली, प्रकाशात फिरवली, मुलीकडे कंपनीचा तक्ता मागितला. सतत किती करंट देते ते बघितलं, व्हेपला किती लागतो ते फोनवर काढलं, दोन्ही जुळवून पाहिलं. मुलगी वाट बघत उभी राहिली. श्रीरंगराव मागून म्हणाले, "पोरीचं स्थळ बघताना एवढं नव्हतं बघितलं तुम्ही."

"तेव्हा शैलजानं बघितलं होतं."

"हां. माझी चांगली उलटतपासणी केली होती त्यांनी."

तेही नरेंद्रला माहीत नव्हतं.

"दोन द्या," तो मुलीला म्हणाला. "एकाच खोक्यातल्या. आणि ठेवायला एक डबी."

"दोन कशाला?" श्रीरंगराव म्हणाले. "फाटली एकच आहे. दुसरी चांगली आहे."

"जोडीनं वापरतात त्या. एक नवी, एक जुनी चालत नाही. जुनीवर ताण येतो, ती तापते."

"म्हणजे चांगली आहे तीही टाकायची?"

"हो."

श्रीरंगरावांनी हातातला डबा घट्ट धरला.

पैसे देऊन झाल्यावर मुलीनं जुन्यांबद्दल विचारलं. इथं देता येतील, म्हणाली, आम्ही रिसायकलिंगला पाठवतो. श्रीरंगरावांनी डबा काउंटरवर ठेवला. झाकण उघडलं. मग टिकलीची बॅटरी उचलली आणि टिकलीच्या सुटलेल्या कडेखाली नख घातलं. नरेंद्रला त्यांचा बेत कळला. टिकली काढून ते त्याला देणार होते. किंवा देणार नव्हते.

टिकली निघाली नाही. तिच्याबरोबर जांभळ्या प्लास्टिकचं सालपट निघू लागलं आणि खालचा धातू उघडा पडला.

"थांबा, थांबा, सर," मुलगी इंग्रजीत म्हणाली. तिनं त्यांच्या हातून बॅटरी हळूच घेतली. टेपचा एक तुकडा वरच्या टोकावर लावला, एक खालच्या, आणि एक सगळीकडून गुंडाळला. टेप पांढरी होती. टिकली दिसेनाशी झाली. मुलीनं बॅटरी एका छोट्या पिशवीत घातली, पिशवी काउंटरखालच्या डब्यात टाकली आणि डब्याचं झाकण लावलं. दुसरीही तशीच टाकली.

"आणखी काही?" तिनं विचारलं.

नरेंद्रनं नव्या बॅटऱ्यांची डबी उचलली.

गाडीत बसल्यावर नरेंद्रनं लगेच गाडी सुरू केली नाही. काचेवरून पाणी वाहत होतं. पिझ्झाच्या दुकानातून एक माणूस खोकं डोक्यावर धरून पळत गेला.

"झालं," श्रीरंगराव म्हणाले. "आता तुमच्याकडेही नाही अन् माझ्याकडेही नाही."

नरेंद्रनं वायपर लावले.

परत आल्यावर गॅरेजमध्ये त्यानं स्वतः नव्या बॅटऱ्या घातल्या, अधिक-वजा बघून. दिवा लागला. श्रीरंगरावांनी एक झुरका घेतला आणि वाफ बाहेर, पावसाकडे सोडली. वाफेला वेलचीसारखा वास होता. तो वास नरेंद्रला ओळखीचा वाटला. संध्याकाळी गाडीत, शैलजाच्या शालीला यायचा. आसावरीनं खीर केली असेल, असं त्याला वाटायचं.

"काय बोलत बसायचात?" त्यानं विचारलं.

श्रीरंगरावांनी विचार केला. "तुमच्याबद्दल नाही," ते म्हणाले. "खोटं कशाला सांगू? तुमचा विषय क्वचित निघायचा."

"मग?"

"वांगी."

"काय?"

"वांगी हो. त्या म्हणायच्या कृष्णाकाठची, मी म्हणायचो आमच्याकडची. भरताला कुठली, भरायला कुठली. मग इथल्या वांग्यांना दोघं मिळून शिव्या. त्यात दुपार निघून जायची."

"दोन वर्षं? वांग्यांवर?"

"मध्येमध्ये लोणची," श्रीरंगराव म्हणाले.

नरेंद्रला हसू आलं नाही, पण त्यानं तोंडावरून हात फिरवला. तिनं गाडीत डोळे मिटले की तो रेडिओ लावायचा. तिला आवडतील म्हणून नव्हे, त्याला बातम्या ऐकायच्या असत.

गॅरेजमध्ये घडीच्या दोन खुर्च्या होत्या. श्रीरंगराव आतल्या खुर्चीत बसले होते, भिंतीला टेकून. उजेडातली, शटरजवळची रिकामी होती.

"ती कुठल्या खुर्चीत बसायची?"

श्रीरंगरावांनी व्हेप खाली ठेवली. खुर्चीच्या दोन्ही दांड्यांवर हात रेटून ते उठले आणि बाजूला, कपडे धुण्याच्या मशिनपाशी जाऊन उभे राहिले. त्या खुर्चीचं कापड मध्ये खोल गेलं होतं. तिची पाठ टेकायला उशी ठेवलेली होती, आणि ती उशी कुणीतरी सारखी नीट करत असावं, तशी सरळ होती.

नरेंद्रनं त्या खुर्चीकडे बघितलं. मग त्यानं शटरजवळची खुर्ची ओढली, तिचे पाय फरशीवर घासले, आणि तो तीत बसला.

"उभे का?" तो म्हणाला. "बसा हो. आणि शटर थोडं खाली घेतो, पाऊस आत येतोय."