बेसिनवरची तपकिरी बाटली

मित्रांनो, मी एक जुनी, तपकिरी काचेची बाटली आहे. बेसिनवरच्या फळीवर, साबणाच्या डबीशेजारी माझा मुक्काम असतो. माझ्यावरची तारीख केव्हाच उलटून गेली आहे. तरी मला कुणी टाकलेलं नाही, आणि कुणी तोंडाला लावतही नाही. असं का, ते ऐका.

माझा जन्म कारखान्यातला. डोक्यावर रबरी टोपीचा ड्रॉपर बसला आणि पोटात सॅलिसिलिक ॲसिड भरलं गेलं. शेजारी माझी भावंडं भरली जात होती. कुणाच्या पोटात व्हिटॅमिन सी, कुणाच्या रेटिनॉल, कुणाच्या नायसिनमाइड. ज्याचं त्याचं काम वेगळं. तेलकट त्वचेच्या छिद्रांत शिरून तिथे साचलेलं तेल आणि मळ मोकळा करायचा, हे माझं. स्वभावाने मी जरा तिखट. कोरड्या, नाजूक त्वचेशी माझं फारसं पटत नाही. तसं माझ्या पाठीवर छापलंही होतं, पण अक्षर इतकं बारीक की मुंगीनेच वाचावं.

मला या घरात आणलं भिंगरीने. पाय म्हणून घरात ठरत नसे, तेव्हा सगळे तिला भिंगरीच म्हणत. घरात ती आणि तिची आई, दोघीच. आई लॉन्ड्रीत इस्त्री करायची. भिंगरीच्या तेलकट कपाळावर पुटकुळ्यांचं पीक आलेलं. ती कपाळावर केस ओढून हिंडायची.

पोरगी चंचल खरी, पण माझ्या बाबतीत शहाणी निघाली. आधी काही दिवस तिने माझा थेंब फक्त कानामागे लावून पाहिला. त्रास झाला नाही, तेव्हा एक दिवसाआड, संध्याकाळी, कपाळावर. वरून साधं क्रीम, आणि सकाळी बाहेर पडताना सनस्क्रीन. फरक पडायला बरेच आठवडे गेले. मग एके दिवशी तिने केस मागे घेऊन पिना लावल्या. आईने तिच्या कपाळावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "बाटलीने नाव काढलं हो." मी अगदी फुलून गेले.

पुढे भिंगरीला दूरच्या शहरात नोकरी लागली. तिकडे नवी बाटली घेईन म्हणाली आणि मला अर्धी भरलेली मागे ठेवून गेली. तिचा ब्रश गेला, कंगवा गेला. फळीवर उरले मी आणि साबणाची डबी. डबी काही बोलत नाही.

आईही बोलेनाशी झाली. बोलणार कुणाशी? कामावरून यायची, एकटीसाठी काय मांडायचं म्हणून उभ्याउभ्याच जेवायची आणि आरशासमोर येऊन थांबायची. एका संध्याकाळी तिने मला हातात घेतलं. भिंगरी उघडायची तसंच झाकण उघडलं, आणि गालांवर थेंब सोडले.

तिचे गाल दिवसभर इस्त्रीच्या वाफेत आणि धगीत सुकलेले, हात लावला तरी खरखरीत. मी चांगलीच झोंबले. ती आरशाला म्हणाली, "चुरचुरतंय म्हणजे लागू पडतंय." लॉन्ड्रीत हट्टी डागाला औषध जोरकसच लागतं, तोच हिशेब तिने गालांना लावला. मग सकाळ-संध्याकाळ मी. वर ना क्रीम, ना काही. मला जीभ असती तर मी ओरडले असते, मित्रांनो. पण बाटलीचं ऐकतो कोण?

गाल लाल झाले, सालं निघू लागली. आई शरमली. लेकीचा व्हिडिओ कॉल आला की ती फोन वर धरायची.

"आई, पंखा काय दाखवतेस? तोंड दाखव ना."

"कॅमेरा बिघडलाय गं."

दिवसभरात प्रेमाने बघणारं तेवढंच एक माणूस, तेही तिने स्वतःच तोडलं. मग ती फोन वाजून वाजून बंद होऊ द्यायला लागली. घर इतकं शांत झालं की नळाची टिपटिप ऐकू यायची.

शेवटी भिंगरी न कळवताच येऊन धडकली. आईचा चेहरा पाहून पिशवी तिच्या हातातून दारातच गळाली.

"काय लावलंस हे?"

आईने मला पुढे केलं. "तुझीच बाटली. तुला गुण आला ना?"

"माझी त्वचा तेलकट, आई. तुझी कोरडी. सुती कापडाची इस्त्री तू रेशमावर ठेवतेस का?"

"मालक घरी बसवेल."

"मग?"

आईने मला दोन्ही हातांत धरलं. मग म्हणाली, "घर खायला उठतं गं. ही हातात घेतली की वाटायचं, तू शेजारी उभी आहेस."

भिंगरी पुढे आली. आईच्या खांद्यावर डोकं टेकून रडली.

माझा वापर बंद झाला. आईसाठी कोमट पाणी, ओलसर गालांवर जाडसर, बिनवासाचं क्रीम आणि सकाळी सनस्क्रीन, एवढंच ठरलं. गाल बरे होईपर्यंत दुसरं काही नाही. परत जाताना भिंगरी मला कचऱ्यात टाकणार होती. आई म्हणाली, "राहू दे तिला."

गाल हळूहळू निवले. आता रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल लावून दोघी एकाच वेळी तोंड धुतात, भिंगरी तिकडे, आई इकडे. ती तिचे थेंब लावते, ही हिचं क्रीम. "आई, मानेला राहिलं," असं तिकडून ओरडणं चालतं. गालाला हात लावायच्या आधी आई फोन फळीवर उभा करते आणि घसरू नये म्हणून त्याला मागून माझा टेकू देते.

म्हणून सांगते, मित्रांनो, दुसऱ्याला गुण आला म्हणून कुठलीही बाटली तोंडाला लावू नका. आधी आपली त्वचा ओळखा, कानामागे लावून बघा, पाठीवरचं बारीक अक्षर वाचा. आणि घरचं कुणी फोनवर नुसता पंखा दाखवू लागलं, तर कॅमेऱ्याला दोष देऊन गप्प बसू नका.

माझं म्हणाल, तर मला दोघींचं हसणं ऐकू येतं. चेहरा मात्र एकीचाही दिसत नाही. माझ्या वाट्याला फोनची पाठ आली आहे. पण मी जागची हलत नाही. मी हलले तर फोन पडेल.