दोन बोटं सैल

मी एक जुनी टेप आहे, मित्रांनो. गाण्यांची नव्हे, शिंपी गळ्यात अडकवतो ना, ती मापं घ्यायची. एके काळी पिवळीधमक होते, आता मळून गेले आहे. या क्षणी मी एका अवाढव्य स्टेडियममध्ये, तिसऱ्या रांगेत बसलेल्या माझ्या मास्तरांच्या गळ्यात आहे. समोरच्या रंगमंचावर अजून अंधार आहे आणि मागे पंधरा हजार माणसं आपापल्या खुर्च्या शोधत आहेत. दारावरच्या रखवालदारानं मला बोटानं उचलून विचारलं होतं की हे काय आहे. मास्तर ओशाळून म्हणाले, "राहिली गळ्यात." दुकानाबाहेर पडताना मला खुंटीला अडकवायला ते आजवर कधी विसरले नव्हते. कार्यक्रम सुरू व्हायला अर्धा तास आहे, तेवढ्यात माझी गोष्ट सांगून होईल.

माझा जन्म कारखान्यात झाला. कापडी पट्टीवर रोगण चढवलं, त्यावर साठ इंचांच्या खुणा छापल्या आणि दोन्ही टोकांना पितळेचा पत्रा ठोकला की झाली टेप तयार. डझनभर बहिणींबरोबर मी एका खोक्यात बसून दुकानात आले. तिथे एक तरुण शिंपी आला. नवं दुकान टाकत होता. त्यानं आम्हा सगळ्यांना लोखंडी पट्टीशेजारी ठेवून तीन-तीनदा तपासलं. दुकानदार वैतागला, पण हा ढिम्म हलला नाही. "मापात पाप नको," म्हणाला, आणि मला निवडलं. तेच हे मास्तर.

मास्तर बोलायला कंजूष. कामाच्या वेळी त्यांच्या ओठांत टाचण्या धरलेल्या असायच्या, त्यामुळे न बोलण्याची सोयच झाली होती. गिऱ्हाइकानं नको ते विचारलं की ते दोन टाचण्या जास्त उचलायचे. काकू, म्हणजे मास्तरांची बायको, शेजारच्या स्टुलावर काजं-बटणं करायच्या आणि दोघांच्या वाटचं एकट्याच बोलायच्या.

मी किती माणसांभोवती फिरले त्याची गणती नाही. कंबरेला मी लागले की भलेभले पोट आत ओढून घेतात. मास्तर काही बोलत नसत, वहीत गुपचूप दोन इंच वाढवून लिहीत. पण छातीचं माप घेण्याची त्यांची पद्धत मला सगळ्यात आवडायची. दोन्ही हात माणसाच्या पाठीमागून फिरवून ते मला पुढे आणायचे, टोकं जुळवायचे आणि माझ्याखाली स्वतःची दोन बोटं सरकवायचे. कपडा अंगाला लागून हवा, पण माणसाला श्वास घेता आला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणून दोन बोटं सैल. चाळीस वर्षांत त्यांचा कोट कुणाला काचला नाही.

त्यांना एकच मुलगा. रांगायला लागल्यापासून दोऱ्याच्या रिळांशी खेळायचा, म्हणून घरात त्याचं नाव रिळ्या पडलं. त्याला दुसरा नाद माझा. मी खुंटीवर दिसले की मला ओढून गळ्यात घालायचा, माझं पितळी टोक तोंडापुढे धरायचा आणि इस्त्रीच्या टेबलावर उभा राहून गायचा. मशीन चालू असलं तर मशीनच्या तालावर गायचा, बंद असलं तर मास्तरांना पाय मारायला लावायचा. आणि मित्रांनो, हे मास्तर, ज्यांचा वेळ कुणी फुकट घेऊ शकत नसे, ते सुई उचलून ठेवून नुसतंच मशीन चालवत बसायचे. पोराच्या हातांनी माझं ते टोक सोन्यासारखं लख्ख झालं होतं.

दर वर्षी शाळा, पुढे कॉलेज सुरू होण्याआधी त्याचं माप निघायचं. मास्तरांच्या वहीत त्याचं एक पान होतं, बावीस इंच छातीपासून सुरू झालेलं. शेवटचा आकडा छत्तीस. त्या वेळी तो एकोणीस वर्षांचा होता.

दोन वर्षांनी, एका रविवारी दुपारी, दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं असताना रिळ्यानं आई-बापांना समोर बसवलं आणि सांगितलं की त्याचं एका मुलावर प्रेम आहे आणि जन्म त्याच्याच सोबतीनं काढायचा आहे. एकही शब्द त्यानं गिळला नाही. काकूंनी त्याचा हात धरला. मास्तर बराच वेळ माझ्याशी चाळा करत राहिले, मला बोटाला गुंडाळत, सोडत. मग म्हणाले, हे बाहेर कुणाला कळता कामा नये. रिळ्या म्हणाला की मी गाणी लिहितो बाबा, खोटी कशी लिहू? मास्तरांनी टाचण्यांची डबी ओढली आणि चार टाचण्या ओठांत धरल्या. शिवायला समोर काहीच नव्हतं.

तो आठवड्याभरात घर सोडून गेला. जाताना मला खुंटीवरून काढून त्यानं एकदा हातात घेतलं आणि परत ठेवलं. मला फार वाईट वाटलं.

पुढची चार वर्षं मास्तरांनी त्याला फोन केला नाही. काकू करायच्या, मागच्या दारात उभ्या राहून. इकडे त्याची गाणी मात्र वाढतच गेली. समोरच्या मोबाइलच्या दुकानात वाजायची, गिऱ्हाइकांच्या खिशांत वाजायची. एका गाण्यात तो आपल्या जोडीदाराबद्दल सरळ "तो" म्हणून गायचा आणि पोरंपोरी ते रस्त्यानं म्हणत जायची. मास्तर रेडिओ बंद करत. एकदा बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ पँटीची उंची द्यायला आले होते. त्यांचं जुनं गिऱ्हाईक. त्यांनी सहज विचारलं, "मास्तर, तो गाणारा तुमचाच ना?"

मास्तरांच्या ओठांत टाचण्या होत्या. त्यांनी मान हलवली. नाही.

काकूंची सुई काजात थांबली. त्या दिवशी त्यांनी पुढे एकही काज केलं नाही.

आता माझ्या दुखण्याबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं त्यातूनच घडलं. आम्ही टेपा वापरून वापरून ताणल्या जातो. रोज थोडं ओढलं जातं, आणि म्हातारपणी आमचा इंच इंच राहत नाही. माझी चाळीसची खूण नव्या टेपच्या एक्केचाळीसवर येते. मास्तरांना हे ठाऊक होतं, पण त्यांचं कधी अडलं नाही. ज्या टेपनं माप घेतलं तिनंच कापड कापलं की चूक चुकीत जिरून जाते. म्हणून त्यांनी मला बदललं नाही. नवी आणा म्हणून काकू कितीदा तरी मागे लागल्या. माझ्या पितळी टोकावरून अंगठा फिरवत मास्तर म्हणायचे, चालतंय अजून.

दोन महिन्यांपूर्वी काकूंनी सांगितलं की रिळ्याचा मोठा कार्यक्रम ठरलाय, स्टेडियममध्ये, आणि त्या दिवशी अंगावर त्याला तुमच्या हातचा कोट हवाय. त्याच्याकडे आता वीस शिंपी असतील, मास्तर म्हणाले.

"असतील," काकू म्हणाल्या. "त्याला तुमचा हवाय."

पाठोपाठ गडद निळ्या कापडाचं पार्सल आलं. तीन दिवस ते कपाटावर पडून होतं. चौथ्या दिवशी मास्तरांनी दोरा तोडला, कापड चिमटीत धरून पाहिलं, आणि मग दुसऱ्या कशातच त्यांचं लक्ष लागेना. कार्यक्रमाचा कपडेपट सांभाळणाऱ्या बाईंनी फोनवर मापं पाठवली होती. मास्तरांनी वहीतलं ते जुनं पान उघडलं. वही म्हणत होती छत्तीस, फोन म्हणत होता चाळीस. "चाळीस?" एवढंच ते पुटपुटले. पोरगा भरलाय हे त्यांना एका अनोळखी बाईच्या निरोपातून कळत होतं.

त्यांनी मला कापडावर अंथरलं आणि खडू उचलला. मित्रांनो, मी ओरडून सांगितलं असतं. मापं दुसऱ्याच टेपची होती आणि कापायला मी होते. चाळीस वर्षांत परक्या मापावर त्यांनी कधी कात्री चालवली नव्हती, म्हणून एवढी साधी गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नाही. मी नुसती पडून राहिले. कात्री चालत गेली.

कार्यक्रमाला पाच दिवस राहिले असताना रिळ्या स्वतः अंगावर घालून बघायला आला. चार वर्षांनी. केस बारीक केलेले, कानात एक बाळी, खांदे रुंद झालेले. बाहेर गाडीत त्याचा जोडीदार थांबला होता. काकू त्याला पाणी द्यायला गेल्या आणि बराच वेळ परत आल्याच नाहीत.

कोट अंगावर चढला. खांदे जरा उतरले होते, बाह्या मनगटाखाली आल्या होत्या, छातीवर कापड सैल पडत होतं. मास्तरांच्या हातून असा कोट कधी गेला नव्हता. त्यांचा चेहरा पडला आणि मग तापला. त्या बाईला माप घेता येत नाही, म्हणाले. आल्यापासून त्यांनी पोराशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

रिळ्या आरशात बघत होता. कोट उतरवत आरशातूनच म्हणाला, "तुम्ही घ्या ना बाबा."

मास्तरांनी मला गळ्यातून काढलं आणि नुकत्याच आत आलेल्या काकूंपुढे धरलं. काकूंनी हात पुढे केला नाही. त्यांनी वही उघडली, पेन्सिल घेतली आणि स्टुलावर बसल्या. "मी काजं-बटणं करते," त्या म्हणाल्या. "माप तुमचं काम आहे."

एरवी मास्तर छातीपासून सुरुवात करतात. त्या दिवशी त्यांनी पाठ घेतली, खांदा घेतला, बाही घेतली, गळासुद्धा घेतला. आकडे सांगत गेले, काकू लिहीत गेल्या. प्रत्येक वेळी त्यांची बोटं कापडाला लागत होती आणि लगेच दूर होत होती, इस्त्री तापली का ते बघतात तशी. शेवटी छाती तेवढी राहिली. काकू पेन्सिल धरून थांबल्या.

मास्तरांनी ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि डबीत टाकल्या. मग त्यांनी पोराच्या पाठीमागून दोन्ही हात फिरवले. मी त्याच्याभोवती पसरले, पुढे आले, टोकं जुळली. माझ्याखाली त्याचं काळीज इतकं जोरात उडत होतं की माझ्यावरचे आकडे हलत होते. मास्तरांनी दोन बोटं आत सरकवली.

"एकोणचाळीस," ते म्हणाले.

काकूंनी लिहिलं. आकडा सांगून झाला की हात काढायचे असतात. मास्तरांनी काढले नाहीत. त्यांचं कपाळ पोराच्या पाठीला टेकलं.

"रिळ्या," ते म्हणाले, "एकानं विचारलं होतं तुझ्याबद्दल. मी नाही म्हणालो. माझा नाही म्हणालो."

रिळ्यानं मास्तरांच्या हातांवर आपले हात ठेवले. मधे मी होते, दोघांच्याही घामानं ओली. मापाला इतका वेळ लागत नाही, मित्रांनो. काकू वहीच्या त्या पानाकडे बघत बसल्या होत्या आणि त्यांना अक्षर दिसत नव्हतं.

मग मास्तरांना आकडा आठवला. फोनवर चाळीस, टेपवर एकोणचाळीस. ते माझ्याकडे बघत राहिले. लोखंडी पट्टी काढून त्यांनी मला शेजारी ठेवलं, जसं मी नवी असताना ठेवलं होतं. "बाईंचं माप बरोबर होतं," ते म्हणाले. "चूक माझी." मला वाटलं, आता आपला निकाल लागला. पण त्यांनी मला परत गळ्यात घातलं आणि कोट उसवायला बसले.

काल संध्याकाळी कोट पोचता झाला. आज सकाळी मास्तरांनी जाड पुठ्ठा कापला, कापडावर खुणा करायच्या खडूनं त्यावर लिहिलं आणि शटरवर लावला. ते अडकवत असतानाच बँकेतले गृहस्थ नवी शिवलेली पँट न्यायला आले. त्यांनी चष्मा वर करून वाचलं: मुलाच्या गाण्याचा कार्यक्रम असल्यामुळे आज दुकान बंद राहील. आमचं दुकान आजारपणातसुद्धा बंद राहिलेलं नाही. त्यांनी पाटी पुन्हा वाचली, मग मास्तरांकडे पाहिलं.

"म्हणजे तो गाणारा..."

"माझा," मास्तर म्हणाले. "मागे तुम्हाला खोटं सांगितलं."

त्यांनी पँट कागदात बांधून दिली, कुलूप लावलं आणि मला गळ्यात तसंच ठेवून निघाले.

मित्रांनो, मी म्हातारी टेप, मला शहाणपण शिकवायचा अधिकार नाही. माझाच इंच खोटा. पण एवढं मागते. आपल्या माणसाचं माप दुसऱ्याच्या निरोपावरून घेऊ नका, आणि जुन्या वहीवरून तर मुळीच नको. माणूस वाढत असतो. जवळ जा, दोन्ही हातांनी घ्या, आणि दोन बोटं सैल ठेवा.

दिवे मालवले आहेत. मागे पंधरा हजार माणसं एकदम उभी राहिली. काकूंनी मास्तरांची बाही घट्ट धरली आहे, त्यांच्या पलीकडे रिळ्याचा जोडीदार उभा आहे. रंगमंचावर एका गोल उजेडात निळा कोट आला. मास्तर बाकी काही बघत नाहीत, खांदे बघताहेत. खांदे बरोबर बसले आहेत. माझं पितळी टोक त्यांनी मुठीत धरलं आहे, आणि त्यांचा उजवा पाय, मशीन नसताना, ताल धरतो आहे.