रुजवातीला राहिलेला कागद

बायको गेली त्याचा फोन सुताराला आला तो मंगळवारी, तीनला पाच मिनिटं कमी असताना. तो एका नव्या घराच्या दाराला बिजागरी बसवत होता. एक स्क्रू आत गेला होता, दुसरा ओठांत धरलेला होता, आणि फोन वाजला.

"तुम्ही त्यांचे दीर का?" पलीकडच्या बाईने विचारलं.

"कुणाचे?"

बाईने त्याच्या बायकोचं नाव घेतलं. तो म्हणाला, "अहो, मी तिचा..." पण बाईने त्याला पुढे बोलू दिलं नाही. म्हणाली, इस्पितळातून बोलतेय, असाल तसे निघा. त्याने ओठांतला स्क्रू शर्टाच्या खिशात टाकला आणि दार एका बिजागरीवर लोंबकळत ठेवून निघाला.

तो पोचला तेव्हा सगळं संपलं होतं. दोन चाळीसला गेली, डॉक्टरांनी सांगितलं, हृदय बंद पडलं. कचेरीत चक्कर आली असेल, तिथल्या लोकांनी इथे आणलं असेल, असं त्याने धरून चाललं. तिची पर्स त्याच्या हातात दिली. मग एका कारकुनाने कागद पुढे सरकवला, "दीर म्हणून इथे सही करा." त्याने केली. त्या घडीला कुणी 'तूच मेलास, कर सही' म्हटलं असतं तरी त्याने केली असती.

आणि खरं सांगायचं तर तो कागद जवळपास तसाच होता. आठ दिवसांनी त्याने तो चष्मा लावून नीट वाचला. बायकोचं नाव, वय, वेळ, सगळं बरोबर. खाली लिहिलं होतं, 'पती: मयत'.

कारकुनाची चूक, तो म्हणाला. कुणाला ऐकवावं तसं मोठ्याने म्हणाला, पण घरात ऐकायला कुणी नव्हतं.

मृत्यूच्या त्या दाखल्याची नक्कल लागणार होती, आणि नकला मिळत त्या बायकोच्याच कचेरीत. एकोणीस वर्षं ती तिथल्या नकला विभागात रुजवातीला होती. रुजवात म्हणजे मूळ कागद डावीकडे, नक्कल उजवीकडे, आणि शब्दाला शब्द लावून बघायचं की उतरवणाऱ्याने कुठे काना खाल्ला का, आकडा फिरवला का. पान बरोबर असलं की बरोबरची खूण. बायको खुणेखाली एक बारीक ठिपकाही द्यायची. ठिपका देणारी त्या कचेरीत ती एकटी. आणि पेन्सिल सुताराची, चपटी, लाकडावर रेघ मारायची. दर रविवारी तो पटाशीने दोन पेन्सिली तासून तिच्या पर्सच्या कप्प्यात ठेवायचा. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, त्यातला हा एक नेम त्याने चुकवला नव्हता. बाकी बोलण्याचालण्याचा आनंदच होता.

कचेरीवर त्याचा थोडा रागही होता. एवढी वर्षं राबली, आणि पोचवायला तिथलं एक माणूस आलं नाही.

हेडक्लार्कने त्याला ओळखलं. "या, या! बाईंना भेटायचंय? जागेवर दिसत नाहीत, पण स्वेटर आहे खुर्चीवर. असतील इथेच कुठे."

"साहेब, ती गेली. आज आठ दिवस झाले."

"काहीतरीच काय बोलता! काल त्यांच्या टेबलावरून चौदा नकला आल्यात माझ्याकडे."

सुताराने दाखला पुढे धरला. हेडक्लार्कने तो दोनदा वाचला. मग घसा खाकरला, आणि नियमाच्या माणसाला नियमच आठवतो तसं म्हणाला, "मृत्यूचे दाखले त्याच टेबलाला जातात. कागद लिहिणाऱ्याकडे द्या, नक्कल झाली की तिथे ठेवतील. उद्या या." एवढं बोलून तो दुसऱ्याच फायलीत बघायला लागला.

बायकोच्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या बाईला अख्खी खोली काकू म्हणायची. तिने सुताराला खिडकीशी नेलं. तिचे डोळे भरले होते.

"भाऊजी, खुर्च्या मोजा," ती म्हणाली.

त्याने मोजल्या. सात खुर्च्या, सातांच्या पाठीवर स्वेटर. खोलीत माणसं तीन.

"बाकीचे?"

"एक गाडी चालवतो. एक शिकवण्या घेते. मी चारनंतर दाताच्या डॉक्टरकडे फोन उचलते. ज्याचा स्वेटर खुर्चीवर, तो हजर. मागे राहील त्याने गेलेल्याचं काम ओढायचं, आणि कुणी कुणाला 'कुठे' म्हणून विचारायचं नाही. साहेबांना स्वेटर दिसला की त्यांचं समाधान."

"आणि ही?"

"बारा ते चार. इस्पितळात, चादरी शिवायच्या खोलीत. दोन वर्षं झाली."

"मला बोलली नाही."

"घरी कुणीच बोललेलं नाही, भाऊजी. सांगून जाता आलं असतं तर स्वेटर कशाला लागला असता?"

सुतार त्या करड्या स्वेटरकडे बघत होता. असाच एक घरी खुंटीवर होता. एकच स्वेटर आहे, असं तो दोन वर्षं समजत आला होता.

"मग तिच्या टेबलाचं काम आता कोण करतं?"

काकूने पदराआड लपवावा तसा आवाज खाली नेला. "मला वाटलं गाडीवाला करतो. त्याला वाटलं मी करते. इतके दिवस ती दिसलीच नाही म्हणून परवा आम्ही एकमेकांना विचारलं."

"मग?"

"कुणीच करत नाही."

तिने कालचा गठ्ठा दाखवला. प्रत्येक पानावर खूण होती, चपट्या पेन्सिलीची, एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला बारीक. खाली ठिपका.

टेबलावर पेन्सिल पडली होती. त्या रविवारी त्याने दोन तासल्या होत्या, दोन्ही वीतभर. एक पर्समधून घरी आली, ती तशीच होती. ही चार बोटं उरली होती आणि टोक पार बसलं होतं. सुताराने इकडे तिकडे पाहिलं, खिशातून चाकू काढला, आणि तिथेच उभं राहून तिला टोक करून दिलं. हात सवयीने चालले. ठेवताना त्याचा हात खुर्चीला लागला. खुर्चीवर ऊन येत नव्हतं, तरी बैठक कोमट होती.

तिथून तो सरळ इस्पितळात गेला. शिवणाची खोली तळघरात होती. चार मशीन, फाटक्या चादरींचे ढीग, डोक्यावर गरम पाण्याचे नळ. मुकादमीण जाडजूड, बोलायला सैल.

"या भाऊ, तुम्ही दीर ना? मीच फोन केला होता, तिने दिराचा म्हणून तुमचाच नंबर लिहून दिला होता. बसा हो, मोडणार नाही स्टूल. तुमचा भाऊ आमच्या सगळ्यांच्या ओळखीचा, न बघता. माळ्यावरून शिडी घसरून गेले ना? हातात म्हणे बिजागरी तशीच."

सुतार बसला. "असं सांगितलं तिने?"

"नोकरीला लागली त्याच दिवशी. ही जागा नवरा गेलेल्या बायकांनाच देतात, जुना नियम आहे इस्पितळाचा. पण नियमापुरतं सांगून गप्प बसणारी नव्हती ती. रोज नवऱ्याची एक गोष्ट! काय बोलायचा म्हणे तो माणूस! संध्याकाळी आला की दार कुणाचं, घर कसं, चहा कुणी विचारला, कोण नुसतंच उभं राहून चुका काढतं, सगळं साग्रसंगीत. हिचे डोळे मिटायला लागले तरी याची गाडी चालूच. आम्ही म्हणायचो, बाई गं, नशीब काढलंस, आमच्यांची तोंडं जेवायलाच उघडायची."

सुतार संध्याकाळी घरी आला की दोन वाक्यं बोलायचा. जेवायला काय आहे, आणि कडी लावलीस का.

"आणि दर रविवारी पेन्सिली तासून द्यायचा," मुकादमीण म्हणाली.

एवढं एकच खरं होतं.

"शेवटी एकटी होती का?" ज्यासाठी तो आला होता ते त्याने विचारलं.

"छे! चौघी होतो की. दुसरा अभ्रा शिवत होती. म्हणाली, आज लवकर जाते, घरी वाट बघणारं माणूस आहे. आम्ही हसलो, तुझी कोण वाट बघतंय गं? तीही हसली, आणि हसता हसता मशीनवर मान टाकली."

सुताराने तोंड उघडलं. ते माणूस मीच, एवढंच म्हणायचं होतं. पण मुकादमीण डोळे पुसत होती, कोपऱ्यातल्या दोघींनी मशीन थांबवलं होतं, आणि त्या तिघी त्याच्या मरणाबद्दल त्याच्याकडेच हळहळून बघत होत्या. दोन वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाने मध्येच उठून काय सांगायचं?

"तुम्ही दिसायला तसेच असाल," मुकादमीण म्हणाली. "पण तुम्ही बोलत नाही फारसं. ते वेगळे होते."

दुसऱ्या दिवशी तो कचेरीत गेला. टेबलावर सतरा कागद होते. सोळांवर खूण आणि ठिपका. सतरावा त्याचा. त्यावर खूण नव्हती. 'पती: मयत' या शब्दांभोवती चपट्या पेन्सिलीने गोल केला होता.

काकू पांढरी पडली. "गोल म्हणजे मूळ कागदातच चूक. दुरुस्त करून आणा, मग खूण. चुकीच्या कागदावर तिने कधी खूण केली नाही, भाऊजी. स्वतः साहेबांनी दटावलं तरी नाही."

हेडक्लार्कने लांबूनच सांगितलं. इस्पितळात दुरुस्तीचा अर्ज द्यायचा, ज्याने ही माहिती दिली त्याच्यासमोर, म्हणजे तिथल्या मुकादमिणीसमोर, आपण पती म्हणून जिवंत आहोत असं लिहून द्यायचं. दाखला दुरुस्त होईल, या टेबलावर खूण होईल, की मग तो हजेरीतून नाव काढेल आणि स्वेटर घरी पाठवेल. "तोवर," तो म्हणाला, "स्वेटर आहे तिथे माणूस आहे. मी काय म्हणणार?"

सुताराने अर्जाचा कागद घेतला. तो घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला, स्क्रू होता त्याच खिशात.

त्याला तीन महिने होत आले. हल्ली सुतार जिथे काम असेल तिथे हातोडा आणि पिशवी दारातच मांडून ठेवतो. मालकाला वाटतं, असेल इथेच, चहा प्यायला गेला असेल. बारा वाजता तो कचेरीत येतो. सोमवारी दोन नव्या तासलेल्या पेन्सिली आणतो, जुन्यांची थोटकं घेऊन जातो. करड्या स्वेटरच्या खुर्चीशेजारी स्टुलावर बसून तो हळू आवाजात सांगतो, दार कुणाचं होतं, घर कसं होतं, चहा विचारला की नाही. सुरुवातीला दोन वाक्यांत संपायचं. आता चार वाजतात तरी संपत नाही. तो बोलत असताना टेबलाकडे कुणी बघत नाही, आणि तो उठतो तेव्हा गठ्ठा झालेला असतो.

"भाऊजी, तुमचाही एक स्वेटर आणून ठेवा आता," काकू परवा म्हणाली. थट्टाच केली, पण हसली नाही.

टेबलावरचे बाकी सगळे कागद संध्याकाळपर्यंत निघतात. तो एक गोल केलेला कागद तिथेच आहे. दुरुस्तीच्या अर्जावर सुताराने अजून सही केलेली नाही.