सल्ला न देण्याची नोकरी

त्रिपुरसुंदरीअक्कांच्या तोंडात कधी तीळ भिजला नाही, आणि म्हातारपणी नेमकी त्यांनाच गप्प बसायची नोकरी मिळाली. बाई तंजावरी मराठी. सरकारी इस्पितळात मेट्रन होऊन निवृत्त झालेल्या. रिक्षावाल्यापासून जावयापर्यंत सगळ्यांना न मागता सल्ला देत आलेल्या. शाळेतल्या नर्सबायांनी महिन्यातून एकदा कुणापाशी तरी मन मोकळं करावं, म्हणजे त्या टिकतील, असं एका संस्थेला वाटलं. तिने अक्कांना चेन्नईत नुंगंबाक्कमच्या ऑफिसात एक खोली दिली, दोन खुर्च्या दिल्या आणि अट घातली: सल्ला द्यायचा नाही, समजूत घालायची नाही, आणि इथलं बोलणं शाळेत पोचवायचं नाही.

"मग मी करूं काय तिथं?" अक्कांनी विचारलं होतं.

"ऐका. आणि अडलंच तर प्रश्न विचारा," असं उत्तर आलं. घ्या.

आज समोर रुचिरा होती. मूळची साताऱ्याची. नवरा इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात, ही पेरुंगुडीच्या शाळेत नर्स. मागच्या सहामाहीत दुसरीतल्या एका पोराने मित्राच्या डब्यातली काजूबर्फी खाल्ली, ती त्याला बाधली. तोंड सुजलं, श्वास अडकला. रुचिराने इंजेक्शन दिलं आणि पोरगा वाचला. शाळेने सगळ्यांसमोर तिला शाल घातली. तेव्हापासून मात्र बाई ताकसुद्धा फुंकून प्यायला लागली. कुणाचं पोट दुखलं, पाठव हॉस्पिटलात. गुडघा खरचटला, पाठव हॉस्पिटलात. पालक वैतागले, प्रिन्सिपलबाई वैतागल्या, आणि रुचिराने आज आल्याआल्या सांगून टाकलं की सोमवारी ती राजीनामा देणार.

अक्कांच्या जिभेवर सगळं तयार होतं. अगं वेडे, पोरगा वाचला ना, मग? एवढी चांगली पोर हातची जाणार, याचं त्यांना मनापासून वाईट वाटत होतं. पण अट म्हणजे अट. त्यांनी ओठ मिटले आणि वर फिरणाऱ्या पंख्याकडे पाहिलं.

अशा वेळी गप्प राहणं किती जड जातं, ते सल्ला देणाऱ्यालाच विचारावं.

"इंजेक्शन माझ्याच खोलीतल्या कपाटात होतं, अक्का," रुचिरा शेवटी म्हणाली. "आणि मी दाराकडे गेले. सगळ्यांना वाटतं, डॉक्टरांना फोन करायला गेले. फोन माझ्या हातातच होता. मी पळत होते."

आजवर ज्याला त्याला तिने ही गोष्ट सांगायला घेतली की लोक मध्येच म्हणायचे, अगं, तू तर देवीसारखी धावलीस. त्यामुळे सांगताना ती दारापर्यंत कधी पोचलीच नव्हती.

अक्कांना धक्का बसला, खोटं कशाला बोला. राग आला, आणि मागोमाग कीवही आली. दोन्ही गिळून त्यांनी एवढंच विचारलं, "मग परत कां आलीस मा?"

हा प्रश्न रुचिराने स्वतःलाही विचारला नव्हता.

"मागे वळून पाहिलं," ती सावकाश म्हणाली. "तो माझ्याकडेच बघत होता. भीती गेली नाही हो. भीत भीतच कपाट उघडलं."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. शाळेतली आया होती, तिचा आवाज अक्कांनाही ऐकू येत होता. सहावीतली एक मुलगी पोट धरून झोपली आहे, रिक्षा बोलावून हॉस्पिटलात नेऊ का? रुचिराचा चेहरा पांढरा पडला. फुटलेली अपेंडिक्स अक्कांनी काही थोडी पाहिली नव्हती. 'ने म्हणावं, आत्ताच्या आत्ता ने,' हे त्यांच्या ओठांपर्यंत आलं. त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

रुचिरा दाराकडे गेली नाही. बसल्या जागेवरून, मोडक्यातोडक्या तमिळमध्ये तिने एकेक विचारायला सुरुवात केली. ताप आहे का? उलटी? उजवीकडे खाली हळूच दाबून बघ, कळवळते का? सकाळी काय खाल्लं? ताप नव्हता, उलटी नव्हती, दाबल्यावर कळवळत नव्हती. मुलीने काहीच खाल्लं नव्हतं, आज गणिताची परीक्षा होती.

"दोन इडल्या दे तिला," रुचिरा म्हणाली. "पडून राहू दे, जवळ बस. दुखणं वाढलं, ताप आला, तर लगेच फोन कर. मी येतेच आहे."

तिने फोन ठेवला.

"अक्का, मी पाठव म्हटलं नाही," ती म्हणाली आणि रडायला लागली. शाल घातली त्या दिवशीही ती रडली नव्हती.

आता अक्कांना सल्ला द्यायची मुभा असती तरी त्यांच्याकडे द्यायला काही उरलं नव्हतं. राजीनाम्याचं विचारायचा मोह त्यांनी कसाबसा आवरला.

तोंड धुऊन, पर्स खांद्याला लावून रुचिरा उभी राहिली. पोट दुखणारी पोर तिकडे वाट बघत होती.

"या महिन्यात तरी नाही देत," ती म्हणाली आणि निघाली.