चाळीस सेकंदांचा तोल

मी एक डोलती फळी बोलतेय. हसू नका! सुताराने मला बिघडवलं असंही समजू नका. वर ताटाएवढी गोल पाठ, खाली लाकडाचा अर्धा चेंडू. डुगडुगणं हेच माझं काम. माझ्यावर उभं राहून माणसं तोल सावरायला शिकतात.

व्यायामाच्या बाईंनी मला आणलं ते वजन जास्त असलेल्या मुलांसाठी. त्यांच्यात एक तेरा वर्षांची मुलगी होती. शाळेच्या जिन्यात दोनदा पडलेली. दुखणं ती विसरली, पण सगळा वर्ग फिदीफिदी हसला ते विसरली नाही. मधल्या सुट्टीत ती खाली उतरायचीच नाही. तिला कठडा न धरता जिना उतरायचा होता, बस्स, एवढंच.

पहिल्याच दिवशी म्हणाली, "बाई, मोडेल हो ही!" असा राग आला मला! मी काय काचेची आहे?

एका पायावर तीन सेकंद. मग आठ. घामाघूम व्हायची, चिडायची, पुन्हा चढायची. दोन महिन्यांनी चाळीस! बाईंनी टाळ्या वाजवल्या आणि पोरगी खुदकन हसली.

तेवढ्यात तिचे वडील न्यायला आले. त्यांनी आधी तिला वजनकाट्यावर उभं केलं. काटा होता तिथेच.

"दोन महिने नुसती डुलत होती का?"

"अहो, हा वर्ग तोलाचा आहे. आता ती पडत नाही."

"पडत नाही ते कोणाला दिसतं, बाई? लोकांना वजन दिसतं."

माणूस वाईट नव्हता हो. लेकीला कोणी हसू नये, एवढंच त्याला वाटत होतं. पण तिचा वर्ग बंद झाला. पोरीने मान खाली घालून बूट घातले.

मग बाकीची मुलंही एकेक करून गळाली. मी कोपऱ्यात पडले. परवा तर कोणी माझ्यावर ओली बादली ठेवली.

काल ती बाईंना भेटायला आली. हात प्लॅस्टरमध्ये. पुन्हा त्याच जिन्यात पडली होती. बाईंनी माझ्यावरची बादली उचलली. मला पुसत म्हणाल्या, "हात बरा झाला की ये गं. पुन्हा सुरू करू."

तिने माझ्याकडे पाहिलं. हळूच म्हणाली, "आधी बारीक होते, बाई. मग येते."

आणि गेली.

मला हाक मारता येत नाही. तुम्हाला ती कुठे भेटली तर एवढं सांगा: पोरी, आहेस तेवढीच ये.