भाकर मोडण्याआधी

थोरल्याने पिठाच्या गोळ्यावर मूठ आपटली आणि समोरच्या ओव्हनचा लाल दिवा विझला. बटण दाबून झालं, प्लग काढून पुन्हा लावून झाला, शेवटी एक लाथही घालून झाली. ओव्हन ढिम्म.

“झालं!” दारातून बायको म्हणाली. “उद्या प्रभुभोजन, भाकर मोडायचा मान पहिल्यांदाच तुमच्याकडे, आणि आजच याला मरायचं होतं!”

त्यांच्या ख्रिस्ती मंडळीतला रिवाज असा, की येशूच्या आठवणीच्या या भोजनात जो भाकर, म्हणजे पाव, मोडून वाटणार त्यानेच ती आपल्या हाताने मळायची नि भाजायची. हा तर हाडाचा बेकरीवाला. याने विकतचा पाव नेला असता तर तोंड दाखवायला जागा उरली नसती.

“भिंतीपलीकडे भट्टी पेटलेली आहे,” बायको म्हणाली.

“त्याच्या दारात? मेलो तरी नाही.”

भिंतीपलीकडे धाकटा भाऊ होता. वडिलांची बेकरी दोघांनी मधोमध भिंत घालून वाटून घेतली, तेव्हा जुनी विटांची भट्टी धाकट्याकडे गेली. वडिलांनी ती राजीखुशीने त्याला दिली होती, आणि तसं थोरल्याला तोंडावर सांगितलंही होतं. तरी वडील गेल्यावर मंडळीच्या देवळात, भरल्या सभेत हा उठला आणि म्हणाला, आजारी माणसाला गुंडाळून धाकट्याने भट्टी लाटली. धाकटा तेव्हा जो उठून गेला, तो देवळात पुन्हा फिरकला नाही.

थोरल्याचं वजन मात्र मंडळीत आणि तिचे धर्मगुरू असलेल्या पाळकांपाशी वाढत गेलं. दर रविवारी तो तरुण मुलांचा वर्ग घेऊ लागला. “जगाकडे आपल्या मताने बघू नका, शास्त्रातून बघा,” हे त्याचं पालुपद. मुलं मुद्दाम काहीबाही आणायची, फाटकी चप्पल, गंजका स्क्रू, आणि हा पठ्ठ्या प्रत्येक वस्तूला वचन लावून दाखवायचा. उद्याच्या धड्यासाठी त्याने मीठ निवडलं होतं.

“पाळकांनी तुम्हाला विचारलं होतं ना, मनात कुणाविषयी काही नाही ना?” बायको म्हणाली. “तुम्ही म्हणालात, छे छे.”

“म्हणालो. मग?”

“मग अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट करायला जा, हे शास्त्रात कुणासाठी लिहिलंय?”

“तिथे भाऊ म्हणजे विश्वासातला भाऊ. मंडळीतला.”

“आणि सख्खा?”

“तो मंडळीत येतो कुठे?”

“का येत नाही?”

थोरल्याने हातांना चिकटलेलं पीठ खरवडून काढलं. एका हाताचं झालं, दुसऱ्याचं झालं. पुन्हा पहिल्याचं काढून झालं. मग त्याने परातीवर फडकं टाकलं आणि ती उचलली.

पलीकडे धाकटा लांब दांड्याच्या फळीने भट्टीतले पाव ओढत होता. याला पाहून फळी जरा थांबली, इतकंच.

“ओव्हन गेला,” थोरला म्हणाला. “उद्याची भाकर आहे.”

धाकट्याने फडकं उचललं. गोळा परातीबाहेर फुगला होता. त्याने चिमूटभर तोडून जिभेवर ठेवला.

“मीठ नाही.”

“घातलंय.”

“दादा, मीठ नाही.”

थोरल्याने चाखून पाहिलं. मळताना सगळा वेळ तो मिठावरचा धडा घोकत होता, आणि मीठ घालायचं तेवढं राहून गेलं होतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. धाकट्याला हसू आलं, ते त्याने भट्टीकडे वळून उरकून घेतलं. मग मिठाची बरणी पुढे सरकवली आणि टेबलाच्या दुसऱ्या बाजूने स्वतःही हात घातला. गोळा मोठा होता, एकट्याला आवरला नसता.

“ते सभेतलं,” थोरला पिठाकडे बघत म्हणाला, “ते खरं नव्हतं. बाबांनी मला सांगितलं होतं.”

“मला माहीत आहे.”

“चुकलं माझं.”

“इथे आपण दोघंच आहोत,” धाकटा म्हणाला. “तेव्हा देऊळ भरलेलं होतं.”

धाकट्याने गोळा फळीवर घेऊन भट्टीत सारला. पाव झकास फुलला, वरून खरपूस झाला. धाकट्याने तो स्वच्छ फडक्यात बांधून दिला.

“उद्या...” थोरला दारात अडखळला.

“उद्या मी इथेच असतो,” धाकटा म्हणाला आणि फळी उचलली.

रविवारी देऊळ भरलं होतं. पाळकांनी मान हलवली तसा थोरला उठला. त्याने टेबलावरचा पाव हातात घेतला, थोडा वेळ तसाच धरला आणि परत खाली ठेवला.

“हा पाव माझ्या धाकट्या भावाच्या भट्टीत भाजलाय. ती भट्टी बाबांनी त्याला स्वतःहून दिली होती. मला ते ठाऊक होतं. याच जागी उभा राहून मी तुमच्याशी खोटं बोललो.”

कुणीतरी खाकरलं. पाळक त्याच्या कानाशी आले. “देवाने क्षमा केली आहे. मोडा भाकर.”

“आलोच,” थोरला म्हणाला, आणि बाकांच्या मधल्या वाटेने सरळ दाराबाहेर पडला. त्याच्या वर्गातली मुलं माना वळवून बघत राहिली.

पाळक घड्याळाकडे पाहू लागले. बायको उठली, पाव वाळू नये म्हणून तिने त्यावर फडकं टाकलं, आणि परत येऊन बाकावर दोघांपुरती जागा सोडून बसली.