बाहेरच्या राज्यातला एकुलता एक

भर वर्गात हरिओमला अवदसा आठवली आणि त्यानं हात वर केला. पुढं जे काही झालं ते त्या एका हातामुळं. त्याचा दोष तो आजही दुसऱ्या कुणाला देत नाही. द्यायला दुसरं कुणी सापडत नाही, ही त्याची खरी अडचण आहे.

झालं होतं असं. गेवराईकडच्या एका कॉलेजात हरिओम बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होता. कॉलेज तपासायला समिती येणार होती, आणि तिला इतर माहितीबरोबर हेही हवं होतं की तुमच्याकडं दुसऱ्या राज्यांतून किती विद्यार्थी येतात. समाजशास्त्राच्या पंडित सरांच्या गळ्यात हे काम पडलं. मुली किती, मुलं किती, शेतकऱ्यांची किती, मेंढरांमागं फिरणाऱ्यांची किती, सगळं भरपूर निघालं. पण गाव विचारलं की गेवराई, शिरूर, माजलगाव. फार लांबचा म्हणजे धर्मापुरीचा एक पोरगा होता, आणि त्यालाच सगळे परदेशी समजायचे. दुसरं राज्य तर सोडाच, गोदावरीच्या पलीकडचंसुद्धा कुणी नव्हतं.

शेवटी सर वर्गात येऊन काकुळतीला आले. बाहेरच्या राज्यात कुणी राहिलेलं असो, जन्मलेलं असो, काहीही चालेल म्हणाले. असा कुणी निघाला तर त्याला समितीपुढं पहिल्या रांगेत बसवू, दोन शब्द बोलायला देऊ. वर्ग एकदम गप्प झाला. शिकवताना सरांना एवढी शांतता कधी मिळाली नव्हती.

हरिओमच्या पुढच्या बाकावर ऋतुजा बसायची. तिनं मान वळवून मागं पाहिलं. कुणाकडं पाहिलं देव जाणे, पण हरिओमची खात्री झाली की आपल्याकडंच. हात आपोआप वर गेला.

"सर, माझा जन्म कर्नाटकातला हाय."

हे खरं होतं. थापा पुढं सुरू झाल्या. तिकडं कसा काय, असं सरांनी विचारलं, तर म्हणाला, वडील साखर कारखान्यावर होते. आता सटवा, म्हणजे त्याचा बाप, कारखान्यावर होता हेही खरंच, फक्त तो कारखान्याच्या आत कधी गेला नव्हता. सटवा आणि रतनबाई दरवर्षी दिवाळी झाली की बेळगावकडं ऊस तोडायला जायचे, रानात पाचटाची कोपी घालून राहायचे आणि गुढीपाडव्याच्या सुमाराला परतायचे. तसल्याच एका कोपीत हरिओम जन्मला होता. हिवाळाभर तो कॉलेजातून गायब असायचा तेव्हा पुण्याला कॉम्प्युटरच्या क्लासला असल्याचं सांगायचा. असायचा आईबापासोबत उसाच्या फडात. पुण्याची थाप खास ऋतुजासाठी होती. आपण ऊसतोड्याचं पोर आहोत हे तिला कळू नये, एवढी एकच गोष्ट त्यानं कॉलेजात जिवापाड जपली होती. अभ्यास एवढा जपला असता तर पहिला आला असता, असं तो स्वतःच म्हणतो.

त्या दिवसापासून तो अण्णा झाला. कँटीनमधला माणूस त्याला पोहे देताना इडली नसल्याबद्दल माफी मागू लागला. प्राचार्य विजयसिंह यांनी त्याच्यासाठी पांढरी लुंगी आणवली, कारण कर्नाटकातला विद्यार्थी पाहताक्षणी ओळखू यायला हवा. हरिओमनं जन्मात लुंगी नेसली नव्हती, आणि बेळगावकडं नेसलेलीही फारशी पाहिली नव्हती. तरी नेसला. कन्नड येतं ना, असं सरांनी विचारलं तेव्हा "येतं की" म्हणाला. मोबाइलवरून चार ओळींचं स्वागत शोधून रात्रंदिवस पाठ केलं. घरी म्हशीला ऐकवलं. तिनं काही आक्षेप घेतला नाही.

समिती आली. सभागृहात सगळी पोरं बसवली. पहिल्या रांगेत मधोमध हरिओम, एका हातानं लुंगीची गाठ धरून. अध्यक्षबाई निघाल्या नेमक्या धारवाडच्या. कर्नाटकाचा मुलगा इथं शिकतोय म्हटल्यावर त्यांना काय आनंद झाला! माहेरचं माणूस भेटावं तशा त्या पुढं वाकल्या आणि कन्नडात त्याला काहीतरी विचारू लागल्या. हरिओमला त्यातलं फक्त 'ऊर' कळलं. गाव विचारतायत. तो उठला, तोंड उघडलं, आणि पाठ केलेलं स्वागत डोक्यातून साफ पुसून गेलं. जे आत मुरलेलं होतं तेवढंच बाहेर आलं.

"लगु लगु," तो म्हणाला. म्हणजे लवकर लवकर.

बाई बघतच राहिल्या. गप्प बसावं की नाही? पण ह्याला वाटलं, अजून थोडं बोललो तर जमून जाईल.

"कब्बु कडी. होगु." ऊस तोड. चल, जा.

एवढं म्हणून त्याचा साठा संपला. फडाच्या मालकानं बांधावरून ओरडलेलं तेवढं त्याला येत होतं. कन्नडात आपल्याशी आजवर कुणी दुसरं काही बोललंच नाही, हे त्याला तिथं उभ्या उभ्या कळलं, आणि लुंगीपेक्षाही त्याची जास्त लाज वाटली.

बाईंच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्यांनी हातातला पेन खाली ठेवला आणि मराठीत हळूच विचारलं, "हे तुला कुणी शिकवलं, बाळ?"

अजूनही एखादी थाप मारता आली असती. कारखान्यात क्वार्टर होतं, शेजारी ओरडायचे, असलं काहीतरी. पण मागच्या रांगेत ऋतुजा होती, आणि थापांचा त्याला एकाएकी वीट आला.

"फडाच्या मालकानं," तो म्हणाला. "आमी ऊस तोडतो, म्याडम. तितंच जन्मलो."

आता हसतील म्हणून तो मान खाली घालून उभा राहिला. कुणी हसलं नाही.

"नीर कोडरी," मागून आवाज आला. ऋतुजा उभी राहिली होती. "म्हंजी पाणी द्या. आमाला हे पैलं शिकावं लागतं."

मग सभागृहाला कंठ फुटला. कुणी 'बा' म्हणजे ये म्हणालं, कुणी 'साकु' म्हणजे पुरे. अंगद नावाचा पोरगा एरवी हजेरीलाही तोंड उघडत नसे. त्यानं एका मुकादमाची अशी कडक शिवी ऐकवली की बाईंनी डोळे मिटून घेतले. धर्मापुरीचा पोरगासुद्धा बोलला. दुसऱ्या राज्याचं कुणी नाही म्हणून सर रडकुंडीला आले होते, आणि इथं निम्मं सभागृह कर्नाटकात वाढलेलं निघालं. प्राचार्यांचा चेहरा असा खुलला की विचारू नका. त्यांनी लगेच पंडित सरांना सगळ्यांची नावं घ्यायला सांगितलं.

"मग हिवाळ्यात इथं कोण बसतं?" बाईंनी विचारलं.

पोरं तेव्हा अभ्यासदौऱ्यावर असतात, असं प्राचार्यांनी सांगितलं. बाईंनी ते लिहून घेतलं नाही.

बाहेर पडल्यावर हरिओम लुंगी सावरत झाडाखाली उभा होता. ऋतुजा आली. तीन वर्षं तिच्याशी बोलायला तो विषय शोधत होता. पोहे, पाऊस, परीक्षा, सगळं करून झालं होतं. आता ती स्वतः विचारत होती, कोणता कारखाना, मुकादम कोण, कोपी कुठल्या अंगाला. तिची टोळी नदीच्या पल्याड असायची. कदाचित त्यांच्या चुलीचा धूर त्यानं पाहिलाही असेल.

"आवंदा जाणार हायस का?" तिनं विचारलं.

"शेवटचं वरीस हाय," तो म्हणाला. "पेपर हायत."

"त्ये म्या इचारलं न्हाई."

हरिओमनं तिच्याकडं पाहिलं. तिला खोटं सांगायचं कारणच आता उरलं नव्हतं.

"जाणार," तो म्हणाला.

"आमी बी," ऋतुजा म्हणाली, आणि दिवाळीपर्यंत जेवढं शिकून होईल तेवढं शिकून घ्यावं म्हणून दोघं पुढच्या तासाला जाऊन बसले.